रेवाचा हात

“हे पान काढून टाक,” सुकुमार म्हणाला.

“सगळं?”

“सगळं. रेवा त्याच्या छातीवर हात ठेवते, तिथपासून खाली सगळं.”

मी वही मांडीवर तशीच धरून बसले. मिरजेच्या त्या डायलिसिसच्या खोलीत चार पलंग होते, खिडकीजवळचा त्याचा. डाव्या हातात दोन सुया, दोन नळ्या. एकीतून रक्त मशीनकडे जायचं, दुसरीतून परत यायचं. एका वेळेला चार तास, सोमवारी आणि गुरुवारी. सुकुमार डावखुरा. आधी उजव्या हाताला केलेली जागा बंद पडली, म्हणून सुया डाव्या हाताला आल्या. तेव्हापासून तो सांगायचा आणि मी लिहून घ्यायचे.

१९९९ सालचा फेब्रुवारी महिना होता. सुकुमार मगदूम, माझा धाकटा भाऊ, एकतीस वर्षांचा. जयसिंगपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचा. मुलांच्या एका मासिकात दीड वर्षापासून त्याची जादूची कादंबरी क्रमशः येत होती. निषध नावाचा एक नावाडी शापित झऱ्याचं पाणी पितो आणि पायापासून वर हळूहळू दगड होत जातो. त्याची बहीण रेवा उपाय शोधत नद्या-डोंगर पालथे घालते, अशी ती गोष्ट. अठरा भाग छापून झाले होते. दगड छातीपर्यंत आला होता आणि दोनच भाग राहिले होते.

शेवट काय करणार ते त्यानं मला आधीच सांगितलं होतं. निषध पूर्ण दगड होणार. नदीला पूर येणार, आणि गावकरी नावेचा दोर त्याच्या दगडी कमरेला बांधून पलीकडे जाणार.

मला ते लिहवेना. म्हणून एकोणिसावा भाग मी घरी बसून माझ्या मनानंच लिहून आणला होता. रेवा निषधच्या छातीवर हात ठेवते, तिच्या तळव्यातून निळा उजेड निघतो, दगड मेणासारखा वितळतो आणि निषध उठून बसतो. तेच मी त्याला आत्ता वाचून दाखवलं होतं.

“चांगलं नाही झालं?” मी विचारलं.

“भाषा चांगली आहे. पण फुकटचं आहे गं.”

“जादूची गोष्ट आहे. जादू फुकटचीच असते.”

“नसते.” तो हसला. ओठ इतके कोरडे होते की हसताना त्याला दुखलं. दिवसाला मोजून दोन पेले पाणी चालायचं त्याला. “तेराव्या भागात काय झालं, सांग बघू.”

“म्हातारा सुतार दगड झाला.”

“कुणासमोर?”

“रेवासमोर.”

“तिनं काय केलं?”

“त्याच्या तोंडात पाणी घातलं. रडली.”

“मग तेव्हा हा निळा उजेड कुठं होता?”

मला राग आला. “तेव्हा तिला माहीत नव्हतं.”

“आत्ता कसं कळलं?”

“मायेनं. भावावर माया आहे तिची.”

“अठरा भाग नव्हती माया?”

“मग देवानं दिला उजेड, असं लिही.”

“देवाला द्यायचाच होता तर त्या सुताराच्या वेळी का नाही दिला? मुलं विचारतील, अक्का. मुलं सोडत नाहीत. ज्या जादूला काहीही करता येतं आणि जी शेवटच्या पानावर उगवते, ती मागची सगळी पानं खोटी करते. सुतार उगाच मेला. रेवाचे पाय उगाच फुटले.”

“म्हणून निषधनं मरायचं? तुझी गोष्ट नीट बसावी म्हणून?”

माझा आवाज चढला. पलीकडच्या पलंगावरचे आजोबा मान वळवून बघायला लागले. ग्रेसी सिस्टर येऊन मशीनवरचे आकडे बघून गेली. आम्ही दोघं कशाबद्दल भांडतोय ते दोघांनाही कळत होतं.

त्याच्या दोन्ही किडन्या दहा महिन्यांपूर्वी निकामी झाल्या होत्या. दुसऱ्याची किडनी बसवणं हाच उपाय. आमचे वडील नव्हते. आईला साखरेचा आजार, तिची चालणार नव्हती. माझी तपासणी जुलैत झाली, आणि घरात योग्य दाता नाही असं डॉक्टरांनी आईला आणि सुकुमारला सांगितलं. त्यानंतर मी दिसेल तो उपाय धरला. अनवाणी बाहुबलीचा डोंगर चढले. सीमेपलीकडच्या एका वैद्याच्या पुड्या आणल्या, त्या डॉक्टरांनी बंद केल्या. आम्ही जैन, आमच्यात नसतो तसला अंगारासुद्धा कुणाकुणाकडून आणून त्याच्या उशीखाली ठेवला. कोल्हापूरहून आठवड्यातून दोनदा एसटीनं मिरजेला येत होते, चार वर्षांच्या मुलीला सासूबाईंकडे ठेवून. आई येईल त्याला सांगायची, “बहीण असावी तर आमच्या त्रिशलासारखी.”

“असं कर,” मी म्हटलं, “मर्यादा घाल हवी तर. एकदाच चालते ही जादू, असं लिही. म्हणून सुतारासाठी नाही वापरली.”

तो विचार करायला लागला. विज्ञानाचा मास्तर होता तो, कुठलीही सूचना तपासल्याशिवाय टाकायचा नाही.

“एकदाच. बरं. पण मग तिला ती आहे हे आधीपासून माहीत असणार. वाचकाला पण त्याची चाहूल लागली असायला पाहिजे. आणि मागचे भाग तर छापून झाले, त्यात आता काही घालता येत नाही.” तो थांबला. “थांब. पिशवीत अंक आहेत ना? चौथा भाग काढ.”

मी कापडी पिशवीतून अंक काढला.

“झऱ्याचा प्रसंग. निषधच्या पायाची बोटं दगड होतात, तिथं.”

मी वाचलं. “‘निषध ओरडला. रेवा धावत आली, त्याच्या पायाशी वाकली, आणि एकदम काहीतरी आठवल्यासारखा तिनं डावा हात पदराखाली घेतला.’”

“हेच!” सुकुमार उठून बसायला लागला, नळी ताणली आणि मशीन ओरडलं. मी त्याला खांद्याला धरून परत टेकवलं. कितीतरी आठवड्यांनी मी त्याचे डोळे असे बघितले. “हे मी का लिहिलं होतं कुणास ठाऊक. तेव्हा मी आजारी पण नव्हतो. थंडी दाखवायची असेल. पण बघ, लिहून ठेवलंय! अक्का, लिही, लिहून घे पटकन. हात तिच्याकडे पहिल्यापासून आहे. तिच्या हातानं दगड विरघळतो, पण एकदाच, आणि तो हात कायमचा दगडाचा होतो. तिला हे माहीत आहे. म्हणून तिनं हात लपवला.”

मी लिहीत होते. पेन चालत होतं.

“आता सगळं जुळतं. ती अठरा भाग वणवण का फिरते? साधूंना विचारते, झऱ्यांना विचारते, डोंगर चढते, पाय फोडून घेते. कारण तिला दुसरा कुठलाही उपाय चालणार आहे. एक सोडून. जो तिच्याजवळ आहे तो सोडून. गावातले लोक म्हणतात, काय बहीण आहे! आणि ती ऐकून घेते. तिची माया खोटी नाही, ती खरीच रडते. पण तिला भीती वाटते. आणि रोज दगड बोटभर वर चढतोय, हे तिला दिसतंय...”

माझ्या हातातून पेन पडलं.

“कुणी सांगितलं तुला?” मी म्हटलं.

“काय?”

“डॉक्टर बोलले? ते म्हणाले होते, कुणाला सांगणार नाही म्हणून.”

“काय सांगणार नाही?”

“माझा रिपोर्ट. जुळलं होतं ते.”

सुकुमार माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरची गोष्टीची चमक अजून गेली नव्हती. ती जायला वेळ लागला. मी ती जाताना बघितली.

“मी गोष्टीचं बोलत होतो, अक्का,” तो म्हणाला.

जुलैत डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं होतं. रक्तगट एक, बाकीच्या तपासण्या पण जुळणाऱ्या. “सख्ख्या बहिणीची किडनी म्हणजे फार चांगलं,” ते म्हणाले. “पण निर्णय तुमचा. तुम्ही नको म्हणालात तर घरच्यांना मी एवढंच सांगीन की योग्य दाता नाही. कारण कुणाला कळणार नाही.” मी नवऱ्याला विचारते असं म्हटलं नाही, मुलगी लहान आहे असंही म्हटलं नाही. ती दोन्ही कारणं मी नंतर स्वतःसाठी तयार केली. खरं तर टेबलावर काचेखाली पोटाचं एक चित्र होतं, कुशीपासून कंबरेपर्यंत चीर दाखवलेली. मी ते बघितलं आणि माझे तळहात गार पडले. “नको,” मी म्हणाले. एवढंच झालं होतं. बाहेर आले तर बाकावर आई आणि सुकुमार. सुकुमारनं माझा चेहरा बघितला आणि उलट मलाच म्हणाला, “असू दे गं. तुझा काय दोष?”

हे सगळं मी त्याला त्या पलंगाशेजारी सांगितलं. काही राखलं नाही.

“जुलै,” तो म्हणाला. “सात महिने.”

“हो.”

“जुलैत मी शाळेत जात होतो. दिवाळीपर्यंत वर्गात उभा होतो मी.”

मी त्याच्या पावलांना हात लावला. मशीनवर असताना त्याच्या पोटऱ्यांत गोळे यायचे आणि मी ते चोळून काढायचे. त्यानं पाय ओढून घेतला.

“सुकू...”

“हात लावू नकोस.”

अजून पावणेदोन तास राहिले होते. त्याला उठून जाता येत नव्हतं आणि रुग्णाजवळ घरचं माणूस हवंच, म्हणून मलाही जाता येत नव्हतं. आम्ही तसेच बसलो. मध्येच त्याला गोळा आला. त्यानं दात आवळले, कपाळावर घाम फुटला, पण माझ्याकडे बघितलं नाही. ग्रेसी सिस्टर धावत आली. “अहो ताई, चोळा की, बघत काय बसलाय?” मी जागची हलले नाही. मग तिनंच चोळलं. त्याचं रक्त मशीनमधून फिरत होतं, माझ्या डोळ्यांसमोर, गडद तांबडं, आणि मला एकच कळत होतं, की हे मशीन इतके दिवस माझं काम करत होतं.

सुया निघाल्यावर तो म्हणाला, “गुरुवारी येऊ नकोस. आई येईल.”

गुरुवारी मी गेले. आई त्याच्याबरोबर आत होती, म्हणून मी खालच्या मजल्यावर डॉक्टरांकडे गेले आणि मला द्यायची आहे म्हणाले. त्यांनी मला जुलैबद्दल काही विचारलं नाही. “तपासण्या परत कराव्या लागतील,” ते म्हणाले. “घरी बोला, मिस्टरांची तयारी बघा. आणि लवकर. मध्यंतरी त्याच्या हृदयावर ताण आलाय.” मग म्हणाले, “पण तो घेईल ना? मी आत्ताच त्याला वर भेटून आलो. तो म्हणतो, कुणाकडून काही नको.”

नवऱ्याला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. जुलैसकट. अजित म्हणाला, “मला तेव्हा विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं.” त्यानं ते चांगल्या मनानं म्हटलं होतं. माझं शेवटचं कारणही त्यानं काढून घेतलं.

पुढच्या सोमवारी सुकुमारनं मला परत पाठवलं. गुरुवारी परत. मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून राहायचे. आईला वाटायचं, काहीतरी बहीण-भावाचं भांडण असेल. “गोष्टीवरनं भांडला म्हणे तुम्ही? लहान हाय का आता?” तिनं विचारलं. मी हो म्हटलं.

रविवारी दुपारी मी सरळ जयसिंगपूरला घरी गेले. आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. सुकुमार मागच्या खोलीत, गुडघ्यावर पाट घेऊन, उजव्या हातानं लिहीत होता. डाव्या हाताला सूज होती. अक्षरं पहिलीतल्या मुलासारखी वाकडी. सबंध पानावर सहा ओळी होत्या.

“दे, मी लिहिते.”

“नको.”

मी दारातच बसले. चेहरा सुजलेला, पायही सुजलेले, श्वास घेताना खांदे उचलत होते. मला वाटलं, हा आता हट्टानं मरणार. माझ्यासमोर, हा पाट गुडघ्यावर घेऊन.

“सुकू, घे रे माझी. पाया पडते.”

“का देतेस?”

“तू मरशील म्हणून.”

“जुलैत पण मरणारच होतो.”

बाहेर आईच्या भाकरीचा आवाज येत होता.

“दया आली?” तो म्हणाला. “का आता मला कळलं म्हणून?”

मी खूप चांगली उत्तरं ठरवून आले होते. एसटीत सगळा वेळ तीच घोकत होते. त्यातलं एकही निघालं नाही.

“मला अजून भीती वाटते,” मी म्हटलं. “कालसुद्धा ते चित्र डोळ्यांपुढं आलं तर उलटी झाली. धीट वगैरे काही झाले नाही मी. पण तुझ्यासमोर बसून ते मशीन परत बघायचं, ते आता जमणार नाही मला. तुझ्यासाठी म्हणू नकोस, माझ्यासाठी घे.”

त्यानं पेनाला टोपण लावलं.

“हे खरं बोललीस,” तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, “घेतो. पण माझा राग आहे. तो ऑपरेशननं जाणार नाही.”

“असू दे.”

“कधी जाईल सांगता येत नाही.”

“असू दे, सुकू.”

मला रडू फुटलं, आणि तेवढ्यात हात पुसत आई दारात आली. “काय झालं? का रडतीयास तू? बरं वाटंना का रे तुला?”

मी तोंड उघडलं. मी तिला सांगणारच होते. सुकुमारनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि आईकडे वळला.

“आई, अक्काची किडनी जुळली.”

“आँ? पण तवा तर डॉक्टर न्हाई म्हणले हुते.”

“नवीन तपासणी केली. जुळली.”

आई भिंतीला धरून खाली बसली. तिच्या हातांना पीठ होतं, तेच तिनं तोंडाला लावलं. “आसं कसं रे? एकदम कसं जुळलं?”

“जुळतं कधीकधी,” सुकुमार म्हणाला. “काही कारण नसतं.”

“जिनेश्वरा,” आई म्हणाली. चमत्कार झाला, चमत्कार झाला, असं म्हणत ती तशीच पिठाच्या हातांनी देवाला सांगायला बस्तीकडे निघाली. तव्यावरची भाकरी करपत होती. मी उठून ती उतरवली. परत आले तर सुकुमारनं वही दाराच्या बाजूला सरकवून ठेवली होती आणि डोळे मिटून घेतले होते. मी ती उचलली आणि उंबऱ्याजवळ बसून त्या सहा ओळी फेअर करायला घेतल्या.

एप्रिलच्या शेवटी ऑपरेशन झालं. माझी किडनी त्याच्या पोटात पहिल्याच दिवशी चालायला लागली. पुढं तो बारा वर्षं जगला. शाळेत गेला, लग्न केलं, त्याला मुलगा झाला. शेवटी हृदयानं दगा दिला. डॉक्टर म्हणाले, जुनं दुखणं. ते किती जुनं, हे मी विचारलं नाही. आई त्याच्यानंतर चार वर्षांनी गेली, आणि शेवटपर्यंत तो चमत्कार सगळ्यांना सांगत राहिली. तो समोर बसलेला असला तरी तिला कधी त्यानं अडवलं नाही. मला माफ केलंस का, हे मीही त्याला कधी विचारलं नाही. रक्षाबंधनाला तो यायचा, हात पुढं करायचा, मी राखी बांधायचे, मग आम्ही मुलांबद्दल बोलायचो.

कादंबरीचा शेवट त्यानं दवाखान्यातून पाठवला होता. रेवा निषधच्या छातीवर हात ठेवते, तो उठतो, तिचा हात मनगटापर्यंत दगड होतो. इतके दिवस हे तिच्याकडे होतं, हे निषधला समजतं. तो तिला काही बोलत नाही. नाव सोडतो, तिला बसायला जागा करतो आणि वल्हं मारायला लागतो. तिथं गोष्ट संपते.

तो भाग छापून आला तेव्हा ऑपरेशनला तीन महिने झाले होते. मी जयसिंगपूरलाच होते, आईकडे. मासिकाकडून वाचकांची पत्रं आली, त्यात परभणीच्या सातवीतल्या एका मुलीचं पोस्टकार्ड होतं. सुकुमारनं ते मोठ्यानं वाचलं. “‘सर, रेवाला पहिल्यापासून सगळं माहीत होतं. तरी निषधनं तिला नावेत का घेतलं? त्यानं तिला माफ केलं का? कृपया कळवा.’”

आई हसली. “काय पोरगी हाय!”

सुकुमारनं नवं पोस्टकार्ड घेतलं आणि डाव्या हातानं, त्याच्या स्वतःच्या सुंदर अक्षरात, उत्तर लिहायला बसला. बराच वेळ लिहीत होता. पूर्ण कार्ड भरलं, मग कडेनं आडव्या ओळी घातल्या. पत्ता लिहिला आणि माझ्याकडे दिलं.

“एवढं टाकून ये.”

पोस्टाची पेटी घरापासून दोन गल्ल्यांवर. सरळ चाललं की टाक्यांची जागा ओढायची, म्हणून मी सावकाश गेले. कार्ड उघडंच होतं, त्याला पाकीट नव्हतं. पत्त्याची बाजू वर, लिहिलेली बाजू तळहातावर. पेटीपाशी पोचल्यावर मी थांबले. रस्त्यावर कुणी नव्हतं. नुसतं उलटं करायचं होतं.

मी ते तसंच, पत्ता वर ठेवून, पेटीत टाकलं.